अ‍ॅगओपनजीपीएस: सरीला झकास, इंटरनेटवरून हाकायला नको

ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आपोआप वळवणारं ऑटोस्टिअर कंपनीचं घेतलं तर लाखांच्या घरात जातं. ब्रायन टिश्लर या कॅनडातल्या शेतकऱ्याचं अ‍ॅगओपनजीपीएस हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर मात्र फुकट आहे आणि विंडोज टॅबलेटवर चालतं. पैसे जातात ते सुट्या भागांत: उपग्रहांचे सिग्नल घेणारा झेडईडी-एफ९पी रिसीव्हर, दोन बँडचा अँटेना, टीन्सी ४.१ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, ट्रॅक्टरचा कल मोजणारा बीएनओ०८५ सेन्सर, सायट्रॉन एमडी१३एस मोटर ड्रायव्हर, स्टिअरिंगची मोटर आणि चाकाचा कोन मोजणारा सेन्सर. नुसता रिसीव्हर नि अँटेनाच २० हजारांच्या पुढे.

चिकोडी-निपाणी भागात उसाची साडेचार फुटी सरी पाडायची तर याचा खरा उपयोग. मोबाइलचा जीपीएस दोन-चार मीटर हुकतो, म्हणजे दोन-तीन सऱ्या इकडच्या तिकडे. आरटीके दुरुस्ती (जागा पक्की माहीत असलेल्या स्थिर रिसीव्हरकडून येणारी चुकीची भरपाई) लागली की चूक दोन-तीन सेंटीमीटरवर येते. दुरुस्ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या स्थिर रिसीव्हरांच्या जाळ्यातून नोंदणी करून एनट्रिपवर, म्हणजे इंटरनेटवरून, घ्यावी, नाहीतर घराच्या स्लॅबवर दुसरा एफ९पी बसवावा. डेटा तासाला दोन-चार एमबी, म्हणजे काहीच नाही. अडचण रेंजची. निपाणी-कागल हद्दीवर सिम या राज्याच्या टॉवरवरून त्या राज्याच्या टॉवरवर उडी मारतं, जोडणी तुटते आणि फिक्स, म्हणजे सेंटीमीटरची अचूकता, जातो. बांधावरच्या चिंचेखालीही तेच. फिक्स गेला की ऑटोस्टिअर बंद पडेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालूच ठेवा.

अँटेना अडीच मीटर उंचीवर असेल तर ट्रॅक्टर ५ अंश कलल्यावर जमिनीवर २२ सेंटीमीटरचा फरक पडतो. खानापूरकडच्या उताराच्या रानात तर बीएनओ०८५चे पैसे वाचवायला जाऊच नका.

जुळणी फसते ती बहुधा कोनाच्या सेन्सरपाशी. तो स्टिअरिंगच्या दांड्याला लावला तर स्टिअरिंग बॉक्सची ढिलाई मापात येते आणि ट्रॅक्टर नागमोडी चालतो. किंगपिनजवळच, म्हणजे पुढचं चाक जिथे वळतं तिथे, लावा; ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही लेथवाला करून देईल. किमान पीडब्ल्यूएम (मोटरला मिळणारा कमीत कमी जोर) कमी ठेवलं तर मोटर नुसती गुणगुणते, गेन (चूक किती जोरात सुधारायची ते) जास्त ठेवला तर चाक थरथरतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरला वायपरची मोटर पुरत नाही, तिथे हा नाद सोडलेला बरा. स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट होतो, म्हणून त्याला वेगळा डीसी कन्व्हर्टर द्या.

आता इंटरनेटवरून हाकण्याचं. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, कॅमेऱ्याचं चित्र अर्धा सेकंद मागे असलं तर ट्रॅक्टर ७० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. एवढ्यात अर्धी सरी मोडली. शिवाय मोबाइलच्या जोडणीवर बाहेरून बहुधा थेट पोचता येत नाही, मध्ये व्हीपीएन (खाजगी जोडणी) किंवा दुसरा सर्व्हर लागतो. दुरून फक्त नकाशा बघा आणि बंद करायचं बटण ठेवा. त्यासाठी डिझेलच्या पंपाला असा सोलेनॉइड लावा की वीज आहे तोवरच इंजिन चालेल, आणि अर्धा सेकंद सिग्नल आला नाही की वीज तुटेल. उलटी जोडणी केली, म्हणजे वीज दिल्यावर इंजिन बंद होईल अशी, तर वायर तुटल्यावर ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट शेजाऱ्याच्या उसात.

क्लच आणि ब्रेक हे सॉफ्टवेअर सांभाळत नाही, त्यामुळे सीटवरचा माणूस कमी होत नाही. २० गुंठ्यांच्या वेड्यावाकड्या तुकड्यात अर्धा वेळ वळण्यातच जातो, तिथे हे घेऊ नका. लांब सलग पट्टी आणि पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर असेल तर मात्र पैसे वसूल.