पीजीए२३११ व्हॉल्यूम बोर्ड: चिप उत्तम, आजूबाजूचं काम कच्चं

खाडीकाठच्या दमट हवेत साधा पॉट (फिरवायचा व्हॉल्यूम कंट्रोल) दोन-तीन पावसाळ्यांत खरखरायला लागतो, कधी एक चॅनलच गायब होतो. त्यामुळे ठाण्यात घरी अँप बांधणाऱ्यांनी डिजिटल व्हॉल्यूमकडे वळणं योग्यच आहे. ऑनलाइन मिळणारा पीजीए२३११ या व्हॉल्यूम चिपचा तयार बोर्ड, सोबत तिला हुकूम देणारा छोटा कंट्रोलर अर्डुइनो नॅनो, एन्कोडर (फिरवायचा डिजिटल नॉब) आणि छोटा डिस्प्ले, हा संच आम्ही तपासला.

चिपबद्दल तक्रार नाही. +३१.५ ते −९५.५ डीबी, अर्ध्या डीबीच्या पायऱ्या, दोन्ही चॅनल अगदी जुळलेले. एक्स९सी१०३ सारखा स्वस्त डिजिटल पॉट याच्या जवळपासही येत नाही: त्याच्या पायऱ्या शंभरच आणि त्याही लिनियर (सारख्या अंतराच्या, कानाला जुळणाऱ्या डीबीच्या नव्हे), म्हणून सगळा आवाज सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यातच चढतो.

खरा त्रास नॉइजचा. आधी तो कुठून येतो ते पाहा. व्हॉल्यूम शून्यावर, म्हणजे म्यूटवर, न्या. हम (घूं असा आवाज) तसाच राहिला तर तो चिपनंतर, पॉवर अँपच्या ग्राउंडमध्ये आहे. बोर्डाला दोष देऊ नका. हम गेला तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवा आणि इनपुट शॉर्ट करा, म्हणजे ग्राउंडला जोडा. आता शांत असेल तर गडबड सोर्सकडच्या वायरीत किंवा अ‍ॅडॅप्टरमध्ये आहे. दोन पिनी एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारख्या स्विचिंग) अ‍ॅडॅप्टरची गळती वायरीच्या शिल्डवाटे (बाहेरच्या जाळीवाटे) आत शिरते, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्या इमारतीत थ्री-पिन सॉकेटची अर्थ पिन नुसती शोभेची असू शकते. फेज-अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसतात का ते मीटरने बघा, नसतील तर अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

इनपुट शॉर्ट असतानाही बारीक किरकिर ऐकू येत असेल, तर दोष नॅनोचा. सोबतच्या प्रोग्राममध्ये लूपच्या प्रत्येक फेरीत चिपला डेटा जातो. हे चुकीचं आहे. नॉब हलला तरच पाठवा. नॅनोकडून चिपकडे जाणाऱ्या क्लॉक, डेटा आणि सीएस (चिप निवडणारी) या तिन्ही वायरींत नॅनोच्या टोकाला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला, म्हणजे सिग्नलच्या कडा मवाळ होतात. डिस्प्लेचं ग्राउंड ऑडिओच्या ग्राउंडमधून फिरवू नका. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड चिपजवळ एकाच जागी जोडा. बोर्डावर दोन्ही दोन ठिकाणी जोडलेले होते. एक जोड कापताच किरकिर जवळजवळ गेली. नॅनो आणि डिस्प्लेला वेगळा ७८०५ (+५ व्होल्टचा रेग्युलेटर) द्या.

नॉब फिरवताना टिकटिक येते? चिपची पिन १, झेडसीईएन (लाट शून्यावर असतानाच पायरी बदलायला लावणारी), ५ व्होल्टवर हवी. ती ग्राउंडवर असली तर पायरी लाटेच्या मध्येच बदलते. तरीही टिकटिक राहिली तर सोर्समधून डीसी (स्थिर व्होल्टेज) येतंय, इनपुटला २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा. चिपचा इनपुट १० किलोओहमचा असल्याने बास साधारण ७ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. पिन ८, म्यूट, १० किलोओहमने ग्राउंडला ओढून ठेवा, म्हणजे नॅनो जागा होईपर्यंत स्पीकर गप्प.

प्रोग्राममध्ये व्हॉल्यूमचा कमाल आकडा २५५ आहे, तो १९२ करा. १९२ म्हणजे ० डीबी, आवाज जसाच्या तसा. डॅक (डिजिटल गाणं अ‍ॅनालॉग करणारा सोर्स) २ व्होल्ट देत असताना त्यावर गेन वाढवला की हिस्सही वाढतो आणि ±५ व्होल्टच्या सप्लायवर लाटेचे शेंडे लगेच कापले जातात.

सोल्डरिंग येत असेल तर बोर्ड जरूर घ्या. नुसता जोडून वाजवायचा असेल तर नको. ठाण्याहून दादरला गाडी बदलून इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅमिंग्टन रोडला जाणारच असाल तर ९-०-९ ट्रान्सफॉर्मर (१२-०-१२ ने रेग्युलेटर उगाच तापतात), ७८०५, ७९०५ (−५ व्होल्टचा रेग्युलेटर), फिल्म कपॅसिटर आणि मीटरभर शिल्डेड वायर एकाच फेरीत आणा. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.