सीटी स्कॅनच्या प्लॅनवर रोबोने बसवलेला गुडघा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डावा गुडघा, पूर्ण बदल. सीटी स्कॅनवर आधी आखलेला प्लॅन, हाड कापताना रोबोटिक हात. आजची नोंद अशी : पाय पूर्ण सरळ होतो, वाक १२० अंश, सपाट रस्त्यावर ३ किलोमीटर काठीशिवाय. जिना कठडा धरून.

खान्देशातून या ऑपरेशनसाठी नाशिक, संभाजीनगर, मुंबई गाठणारे पुष्कळ, आणि ‘रोबोचा गुडघा’ म्हणजे आत काहीतरी वेगळं बसतं ही समजूतही तितकीच पसरलेली. आत बसतं ते तेच : मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर धातूची बैठक, दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती, धरून ठेवायला बोन सिमेंट. फरक पडतो तो हाड किती आणि कोणत्या कोनात कापायचं, एवढ्यात.

स्कॅन फक्त गुडघ्याचा नसतो, खुबा आणि घोटाही त्यात घेतात. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेषा मिळाल्याशिवाय पायाचा बाक मोजता येत नाही. स्कॅन चालू असताना पाय हलला तर संगणकातला सांगाडाच वाकडा तयार होतो, म्हणून ती काही मिनिटं पाय अजिबात हलवू नका. मांडीत जुना रॉड असेल तर आधीच सांगा, धातूमुळे चित्र फाटतं. मॅको आणि क्युव्हिस या रोबो-यंत्रांना सीटी लागतो. कोरीला लागत नाही, तिथे ऑपरेशन टेबलावरच हाडावर टोक फिरवून आकार टिपतात.

‘तुमच्यासाठी खास’ या शब्दांचा खरा अर्थ टेबलावर कळतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणेचे खांब लावतात, कॅमेरा ते पाहत राहतो. मग टोकदार सळईने हाडावरचे बिंदू टिपून स्कॅन आणि प्रत्यक्ष हाड जुळवतात. सर्जन गुडघा सरळ धरून आतबाहेर ताणतो, मग ९० अंशांत वाकवून पुन्हा ताणतो. दोन्ही वेळा सांध्यात किती फट उरेल ते पडद्यावर मिलिमीटरमध्ये येतं. सरळ असताना फट कमी पडली तर पाय पुढे कधीच पूर्ण सरळ होत नाही. वाकवताना कमी पडली तर वाक अडतो, आणि जास्त राहिली तर जिना उतरताना गुडघा डगमगतो. हे सगळं करवत लावायच्या आधी दिसतं, आणि प्लॅन एखादा मिलिमीटर, एखादा अंश सरकवता येतो. काहींचे पाय तरुणपणापासूनच दोन-तीन अंश बाहेर वाकलेले असतात. त्यांना ओढून १८० अंशांत बसवायचं की थोडा बाक ठेवायचा, हा निर्णय मात्र सर्जनचा. ऑपरेशनआधी त्याला हे थेट विचारा.

बिघडतं कुठे? पिनांपाशी. ठिसूळ हाडात पिन सैल झाली की सगळं मोजमाप सरकतं, मग सर्जनला नेहमीच्या जिगांवर, म्हणजे हाताने हाड कापताना लावायच्या मापाच्या साच्यांवर, यावं लागतं. म्हणून हाताने चांगलं ऑपरेशन करणारा सर्जनच रोबोवरही निवडावा, हे आमचं ठाम मत. नडगीवरच्या पिनांच्या दोन बारीक खुणा मोठ्या जखमेपेक्षा जास्त दिवस दुखऱ्या राहिल्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. तो कापातल्या बारीक नसेमुळे, रोबोशी त्याचा संबंध नाही.

आता यंत्राचा हात जिथे पोहोचत नाही ते. अचूक कापलेला गुडघा पहिल्या सहा आठवड्यांत घरी बिघडवता येतो, आणि बिघडवणारी वस्तू असते उशी. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात. पाय तिथेच किंचित वाकलेला आखडतो. उशी हवीच असेल तर टाचेखाली, टॉवेलची घडी करून, गुडघा अधांतरी. आमची घरची तपासणी साधी होती : खाटेवर पाय लांब करायचा आणि गुडघ्याच्या मागच्या खाचेतून हात सरकवून पाहायचा. दुसऱ्या आठवड्यात तीन बोटं सहज जायची, सहाव्या आठवड्यात एकही नाही. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीवर दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, दिवसातून चारदा. वाकाच्या व्यायामाआधी गोळी आणि नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. वाक सहा आठवड्यांत १००, तीन महिन्यांत ११२. ऑपरेशनआधी जितका वाक असतो, त्यावर नंतरचा बराच ठरतो. त्यामुळे ८० अंशांवर अडकेपर्यंत थांबू नये.

मोसम पाहून तारीख घ्या. हा गुडघा मार्गशीर्षात बसला, त्यामुळे भुसावळचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा जखम भरल्यावर आला. वैशाखात घामाखाली पट्टी आणि दाबाचे मोजे म्हणजे हाल. पाचव्या महिन्यातही संध्याकाळी गुडघा हाताला गरम लागायचा. ते चालतं. ताप, लाली किंवा पाझर असेल तर मात्र त्याच दिवशी सर्जन गाठा. पंगतीत मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सोडलं, घरी कमोड बसवला. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्यांनी पहिल्या वर्षी पायी वारी टाळावी, गडावर ट्रॉली आहे.

पैशांचं : गुडघ्याच्या इम्प्लांटवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत लावली. तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सेटला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये होती, पुढे आकडे बदलत गेले. रोबोच्या वापराचे पैसे, पिना, पाती, स्कॅन हे त्या मर्यादेबाहेर. बिल फोडून मागा. आमच्या हॉस्पिटलने सगळं एका ‘पॅकेज’मध्ये घातलं आणि फोड द्यायला तीन फेऱ्या मारायला लावल्या. जादा रकमेच्या बदल्यात मिळते ती कोनांची अचूकता, आणि ती खरी आहे. त्यामुळे दुखणं कमी होतं किंवा गुडघा जास्त वर्षं टिकतो, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. कर्ज काढून रोबो घेऊ नये.

खुबा बदलायचा असेल तर प्लॅनचं वजन वेगळं. तिथे कमरेच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम वाटीचा कोन महत्त्वाचा, साधारण ४० अंश कल आणि १५ अंश पुढे वळण, आणि पायांची लांबी. कंबर आखडलेली असेल तर हा नेहमीचा कोनही फसतो, बसताना सांधा निखळू शकतो. अशांनी एक बसून आणि एक उभं राहून, असे बाजूने घेतलेले दोन एक्स-रे काढल्याशिवाय प्लॅन मान्य करू नये.

डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटचे स्टिकर असतात, त्यांवर साइज आणि लॉट नंबर. ते आणि प्लॅनचं पान, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वर्षाने एक्स-रे निघेल तेव्हा तो याच पानाशेजारी धरायचा आहे.