दगडी सहाण: आठ महिने उगाळल्यावर

सायनसने डोकं धरलं की मी पुडीतली सुंठपूड पाण्यात कालवून कपाळाला थापायचो. वाळली की सगळी शर्टावर. "अरे, कालवून कुठे लेप होतो? उगाळावी लागते ती," हे आईकडून चारदा ऐकल्यावर सहाण घ्यायचं ठरलं.

पहिली ऑनलाइन मागवली. पांढरीशुभ्र, संगमरवरी, आणि इतकी गुळगुळीत की हळकुंड नुसतं घसरायचं. लिंबाच्या रसात उगाळून पाहिलं तर हळकुंडाआधी सहाणच झिजायला लागली. संगमरवर आंबटापुढे टिकत नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण उपयोग काय! परत पाठवायची मुदत तोवर टळली होती. सध्या तिच्यावर उदबत्तीचं घर ठेवलंय.

दुसरी तुळशीबागेतून आणली, २८० रुपयांना. काळा पाषाण, तळहाताएवढी, मधे उथळ खळगा, एका बाजूला ओघळ काढायला पन्हळ. दुकानदार म्हणाला, "नख घासून बघा. नख झिजलं पाहिजे, दगड नाही." घरी आल्यावर आईने तिच्यावर मूठभर तांदूळ रगडले. पहिलं धुवण राखाडी आलं, तिसरं पांढरं. मग ती वापरात आली.

सुंठेसाठी कोमट पाण्याचे चार थेंब आणि पंधरा-वीस वळसे पुरतात. लेप सायीसारखा उतरतो. दहा मिनिटांत धुवायचा, डोळ्यांपासून लांब ठेवायचा. मी एकदा तसाच मीटिंगला बसलो, कॅमेरा बंद करून. अर्ध्या तासाने कपाळ लालबुंद! आलं वाळून सुंठ झाली की जास्तच झोंबते. यानं सायनस बरा होतो असं मी म्हणणार नाही. ऊब लागते, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कधीकधी गोळी टळते. ताप असेल तर सरळ डॉक्टरकडे जातो.

सहाणेचा खरा गुण मला जायफळामुळे कळला. रात्री कपभर कोमट दुधात दोन वळसे, बस. पूड चमच्याने पडते आणि चमचा कधी सांडतो सांगता येत नाही. जायफळ जास्त गेलं तर मळमळ, धडधड, दुसऱ्या दिवशीही गुंगी. सहाणेवर उगाळताना मनगटच आधी थकतं.

मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावतो. साधं हळकुंडही घरात ठेवलंय, पण चकचकीत पिवळं दिसलं की घेत नाही. भेसळीचा रंग फक्त पुडीतच असतो असं नाही, अख्ख्या हळकुंडालाही चोपडतात.

मधे बहिणीचं बाळंतपण आमच्याकडे झालं. आईने उत्साहाने हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध मांडलं. बाळाच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल लावला: सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. आई दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी तोच ज्येष्ठमध उगाळून मला चाटवला, घसा बसला होता म्हणून. तिचा स्वतःचा रक्तदाब वाढलेला असतो, आणि ज्येष्ठमध नेमका तोच वाढवतो, तेव्हा तिच्यापुरता तो बंद आहे.

तक्रारी दोन. बूड सपाट नाही, ओट्यावर डुगडुगते. खाली ओलं फडकं घालावं लागतं. दुसरी म्हणजे दगड वास सोडत नाही. वापरून झाल्यावर लगेच घासली नाही, तर सकाळी देवाच्या गंधाला सुंठेचा वास येतो. आईने देवासाठी वेगळी सहाण मागितलीय. शनिवारी पुन्हा तुळशीबागेत जाणार आहे, यावेळी नखाबरोबर बूडही तपासेन.