नशिराबादचं सायकल दुकान: पंक्चर काढा आणि रस्ताही विचारून घ्या

जळगाव-भुसावळ अप-डाउन करणारे हजारो असतील, पण त्यांत सायकलवाले अगदी मोजके. मी त्यांतला एक. तीन वर्षं झाली, आठवड्यातले तीन दिवस सायकल आणि बाकीचे दिवस रेल्वे. एका बाजूचं अंतर माझ्या घरापासून २६-२७ किलोमीटर पडतं. या तीन वर्षांत सायकल, टायर, दिवे, हेल्मेट यांवर पैसे घातले, पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वाटेतल्या नशिराबादच्या एका पत्र्याच्या दुकानाचा. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

दुकानाला पाटी नाही. हायवे सोडून गावात शिरलात की निंबाखाली टांगलेले जुने टायर दिसतात, तेच दुकान. चालवणाऱ्यांना सगळे आबा म्हणतात. सत्तरी सहज ओलांडली असेल. पाण्याचं घमेलं, पंप, पान्यांची गोणपाटावर मांडलेली रांग आणि चाकाची आउट, म्हणजे डगमग, काढायचा घरी बनवलेला स्टँड, एवढाच पसारा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं मागचं चाक चार दिवसांत तिसऱ्यांदा बसलं होतं. जळगावात दोनदा पंक्चर काढलं होतं. आबांनी ट्यूब बाहेर काढायच्या आधीच विचारलं, "कुठून येता भाऊ, हायवेनं का आसोद्याकून?" हायवेनं, म्हटलं. मग ट्यूब बाजूला ठेवून त्यांनी टायरच हातात घेतला. खिशातून कापसाचा बोंडाएवढा पुंजका काढला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवत नेला. एका जागी कापूस अडकला. तिथं नख लावून, चिमट्यानं त्यांनी केसाएवढी बारीक तार ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अर्धा इंचही नव्हती. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यांतल्या पोलादी जाळीचे तुकडे कडेला पडून राहतात, आणि सायकलवाला नेमका कडेनंच चालतो. तार टायरमध्ये रुतून बसते, डोळ्याला दिसत नाही आणि नव्या ट्यूबला पुन्हा भोक पाडते. कापूस मात्र तिला पकडतो. दोन ठिकाणी पैसे देऊन जे कळलं नव्हतं, ते तीस रुपयांत कळलं.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. टायरमधून जे जे निघतं ते त्यात जातं. बाभळीचे पांढरे जोडकाटे, वेड्या बाभळीचे काटे, सराटे, तारा, बुटाचा खिळा. डबा बघायला मागा, आनंदानं दाखवतात. हायवेनं येणाऱ्याच्या चाकात तार आणि आतल्या रस्त्यानं येणाऱ्याच्या चाकात काटा, हे त्यांना रोजच्या रोज दिसतं. त्यामुळे कुठल्या रस्त्यावर या आठवड्यात काय पडलंय, याची त्यांच्याएवढी ताजी माहिती मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

जळगावहून नशिराबादला सायकलनं यायचे माझे रस्ते दोन. एक सरळ हायवे, पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३, तरसोदवरून. दुसरा आसोदा, भादली आणि तिथून नशिराबाद. बहिणाबाईंच्या माहेराहून जाणारा म्हणून नव्हे, पण हा दुसरा रस्ता मला मनापासून आवडतो. चार-पाच किलोमीटर जास्त पडतात. नकाशात बघणारा माणूस हायवेच निवडेल. चौपदरी, गुळगुळीत, कडेला पक्की पट्टी, अंतरही कमी. मीही पहिले सहा महिने तेच केलं.

आबांनी मला विचार करायला लावला तो उन्हाचा. आपण सकाळी पूर्वेला जातो, म्हणजे सूर्य समोर. आपल्याला त्रास होतो तेवढाच तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही होतो. त्याच्या काचेवर ऊन येतं आणि कडेचा सायकलवाला त्याला उशिरा दिसतो. संध्याकाळी परतताना पश्चिमेला तोंड, पुन्हा तेच. पाठीमागचा लाल दिवा मी तोवर फक्त अंधारात लावायचो, आता भर उन्हातही चालू असतो. आणि सूर्य वर येईपर्यंत झाडीच्या आतल्या रस्त्यानं जायचं हे पक्कं केलं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. सकाळी जाताना तो नसतो, म्हणून कळत नाही. येताना उघड्या हायवेवर तोच वारा छातीवर घेत यायचं म्हणजे पंधराचा वेग दहावर येतो. आतल्या रस्त्याला केळीच्या बागा आहेत, आणि बागायतदार केळीची पानं फाटू नयेत म्हणून कडेनं शेवरी लावतात. त्या शेवरीच्या आडोशानं आपणही सुटतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना ओल्या बागेशेजारून जाणं म्हणजे काय, ते तिथून गेल्याशिवाय कळणार नाही.

पण आतला रस्ता बारा महिने चांगला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एप्रिल-मेमध्ये शेतकरी कुंपणाला काटे वाहतात, गाडीतून फांद्या गळतात. अशा वेळी आबा स्वतःहून सांगतात, "तठी बाभूळ छाटेल आहे, आठ दिवस जाऊ नका." पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर येते. तिच्यावर दोन थेंब पडले की ब्रेक लावायची सोय नाही. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून अशा जमिनीतल्या रस्त्यांच्या कडा आधी तुटतात. समोरून ट्रॉली आली की आपण सवयीनं कडेला उतरतो, आणि तिथं चार बोटांचा खड्डा असतो. आबांच्या सांगण्यावरून मी टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे घेतले आणि हवा पन्नास पौंडांवर आणली. त्यानंतर चाकाची आउट काढायला एकदाच जावं लागलं.

गेल्या वर्षी जुलैत मी त्यांना न विचारता फोनवरच्या नकाशाचं ऐकलं. भादलीच्या पुढे त्यानं दाखवलेला जवळचा रस्ता म्हणजे शिवरस्ता, गावाच्या शिवेवरची कच्ची वाट, निघाला. रात्री पाऊस झाला होता. शंभर पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मधे माती गच्च भरली आणि चाक फिरेना. काडीनं माती काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा काढायची. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. ऑफिसला दीड तास उशीर झाला आणि त्या दिवसाची सही लाल शाईत गेली. आबांनी दुसऱ्या दिवशी साखळी धुऊन दिली आणि म्हणाले, "पानी पडेल असलं का तो रस्ता राहत नाही, वावरच होते." तेव्हापासून माझा नियम साधा आहे: अनोळखी रस्त्यावर मैलाचा दगड शोधायचा. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्याचा राज्य महामार्ग, नारिंगी डोक्याचा ग्रामसडक योजनेतला. दगडच नसेल तर पावसाळ्यात तिथून परत फिरायचं.

नशिराबादच्या पुढे मात्र निवड उरत नाही. वाघूर नदी मला साकेगावला हायवेच्या पुलावरूनच ओलांडावी लागते. तिथं आबांचा सल्ला एकच, सातच्या आत पूल पार करा. मी साडेसहाला पुलावर असतो. उलट दिशेनं येणाऱ्या मोटरसायकली त्या वेळीही असतात, म्हणून घंटी वाजवत जातो.

आता दुकानाच्या उणिवा. गिअरचं काम आबा करत नाहीत, स्पष्ट नाही म्हणतात. बारीक व्हॉल्व्हच्या परदेशी ट्यूब ठेवत नाहीत. साधी वालट्यूब आणि मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, दोनच प्रकार मिळतील. घाई असेल तर जाऊ नका, कारण कापूस फिरवल्याशिवाय ते टायर चढवत नाहीत. आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की मुलींच्या सायकलींची रांग लागते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकली वर्षभर तालुक्याच्या रस्त्यांवर चाललेल्या असतात, कुणाचा ब्रेक गेलेला, कुणाची साखळी सैल. आबा त्या आधी घेतात, मोठ्यांनी थांबायचं. मी एकदा पाऊण तास थांबलो. त्या पाऊण तासात आठवीतल्या एका मुलीला ते ब्रेकचं रबर कधी बदलायचं ते दाखवत होते. पान्यानं तिच्याकडूनच एक बाजू आवळून घेतली, नीट बसलं का ते चाक फिरवून बघायला लावलं आणि मगच पुढची सायकल घेतली. मला थांबण्याचं काही वाटलं नाही.

पंक्चरचे तीस रुपये, चाकाची आउट काढायचे साठ, पूर्ण ओव्हरहॉलिंगला एक दिवस सायकल ठेवावी लागते. नातवानं पैसे भरायचा कोड भिंतीला चिकटवलाय, पण सुटे दिलेत तर आबांना आवडतं. सकाळी सहाला उघडतात. अमावास्येला बंद असतं, त्या दिवशी निघणार असाल तर पंप, ठिगळाचं सामान आणि कापसाचा पुंजका स्वतःजवळ ठेवा.