‘न उघडलेली बरणी’ विकत घेण्याआधी हे वाचा

काचेच्या जुन्या गोट्या जमवणाऱ्यांना, त्यातही या छंदात नुकतं पाऊल टाकलेल्यांना सावध करण्यासाठी हे लिहितेय. ऑनलाइन विक्रीत मला एका माणसाने पद्धतशीर गंडवलं. त्याने वापरलेली युक्ती साधी आहे आणि ती पुन्हा कोणावरही चालू शकते.

जाहिरात होती एका बरणीची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून बंद, झाकणाभोवती मेण, आत आजोबांच्या लहानपणच्या जर्मन हातघडणीच्या आणि जुन्या अमेरिकन गोट्या, असं वर्णन. फोटो सुरेख होते. बरणीच्या काचेला लागून एक मोठी पिळाची गोटी, सोनेरी चमकीच्या पट्ट्यांची लुट्झ, रंगांच्या असंख्य रेघांची ओनियनस्किन, अ‍ॅक्रो अ‍ॅगेट या अमेरिकन कारखान्याच्या, गोल फिरणाऱ्या पट्ट्याच्या कॉर्कस्क्रू आणि पेल्टियर या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याची चित्र असलेली गोटी दिसत होती. बाकीच्या गोट्या मध्ये दडलेल्या. मी विचारलं, बरणी उघडून गोट्यांच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो द्याल का? उत्तर आलं, ‘सील मोडलं की बरणीची किंमतच जाईल.’ ऐकायला पटण्यासारखं होतं. सगळी लबाडी त्या एका वाक्यात होती.

कारण जुन्या गोटीची ओळख तिच्या टोकांवर असते. गोटीवर कारखान्याचं नाव कोरलेलं नसतं, म्हणून ती कशी घडली याच्या खुणा वाचाव्या लागतात. जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लाउशा गावात १८४० च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री निघाली. रंगीत काचेची लांब कांडी तापवायची, पीळ द्यायचा, कात्रीच्या वाटीत गोल करत एकेक गोटी कापायची. त्यामुळे अशा गोटीच्या दोन्ही टोकांना कापल्याची खूण राहते, तिला पॉन्टिल म्हणतात. कुठे ती खडबडीत असते, कुठे कारागिराने घासून तिला बारीक पैलू पाडलेले असतात. कांडीच्या शेवटच्या तुकड्याला एकच खूण असू शकते. आतल्या रंगाच्या लडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि खुणेपाशी येऊन तुटतात.

यंत्राच्या गोटीची कुंडली वेगळी. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहराच्या मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सेन यांना गोट्या गोल करायच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. त्यांच्या कारखान्यात वितळलेली काच सळईवर हाताने उचलून यंत्रात सोडत, म्हणून त्यांच्या ढगाळ, दुरंगी ‘स्लॅग’ गोट्यांत एका टोकाला नऊच्या आकड्यासारखा वळसा आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची शेपटी सापडते. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला आणि अमेरिकन कारखान्यांना मोकळं रान मिळालं. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ पर्यंत चालली. तिच्या कॉर्कस्क्रूमध्ये रंगाचा पट्टा एका टोकाला सुरू होऊन गोल फिरत दुसऱ्या टोकाला संपतो. दोन तुकडे जोडल्यासारखा सांधा दिसला, तर तिला कॉर्कस्क्रू म्हणू नये.

बरणी आली. मेण खरंच होतं, पण ताजं, नखाने सहज निघणारं. मधल्या गोट्या ओतल्या आणि पहिल्या मुठीतच ‘कॅट्स आय’ निघाल्या: स्वच्छ काचेत रंगीत पाती असलेल्या, सगळ्यांच्या ओळखीच्या. या गोट्या जपानमधून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या, आणि नंतर अमेरिकन कारखान्यांनी तशाच काढल्या. युद्धाआधी बंद झालेल्या बरणीत त्या असूच शकत नाहीत. तेवढ्यावर सगळी कहाणी कोसळली. तरी मी एकेक गोटी भिंगाखाली घेतली, आणि तिथून पुढचं जास्त संताप आणणारं होतं.

मोठी पिळाची गोटी जुनी होती, जर्मनच होती. पण ती यंत्रावर घासून पॉलिश केलेली. दोन्ही पॉन्टिल गायब, पृष्ठभाग ओला असल्यासारखा चकचकीत, आणि काचेतले बुडबुडे घासताना उघडे पडून झालेले सूक्ष्म खड्डे सगळीकडे. पृष्ठभागालगतची एक पट्टी मध्येच पातळ होऊन पुसली गेली होती. टवके आणि चंद्रकोरीसारख्या चिरा लपवायला हे करतात. शंभर वर्षं टिकलेली कारागिराची खूण कोणीतरी चार पैशांसाठी घासून टाकली, याचं मला पैशांहून जास्त वाईट वाटतं. माझ्या मते पॉलिश केलेली गोटी तसं स्पष्ट सांगून विकली तर हरकत नाही. न सांगता विकणं ही चोरी आहे.

लुट्झ तर सरळ नवी. खऱ्या पट्टेदार लुट्झमध्ये तांब्याच्या कणांनी चमकणारी सोनेरी पट्टी असते आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ. इथे पांढरी रेघ नव्हती, चमकी जाड थरात थापलेली होती आणि टोकं ज्योतीवर वितळवून गुळगुळीत केलेली. (लुट्झ हे नाव निकोलस लुट्झ या काच कारागिरावरून पडलं, पण त्यांनी अशा गोट्या बनवल्याचा पुरावा नाही. गोट्यांच्या जगात नावावर किती कमी विसंबावं, हे यावरून कळेल.)

ओनियनस्किनने मला खरं चकवलं. रंग सुंदर, एका टोकाला खूणही होती. शेवटी वजन केलं. जुन्या गोट्या सोडा-चुन्याच्या काचेच्या असतात, एका घन सेंटिमीटरला साधारण २.५ ग्रॅम. आजचे बरेच कलाकार बोरोसिलिकेट काच वापरतात, तिचं वजन साधारण २.२ ग्रॅम. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाची जुनी गोटी वीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. ही अठराच्या जवळ भरली. दोष ती घडवणाऱ्याचा नव्हे. आजच्या कलाकारांचं काम कौतुकाचं आहे, अनेक जण त्यावर सही करतात. त्यांचं काम शतकापूर्वीचं म्हणून खपवणारा गुन्हेगार.

पेल्टियरच्या चित्राच्या गोटीवर चेहरा ठळक, जरा जास्तच ठळक होता. इलिनॉयच्या ऑटावा गावातल्या या कारखान्याने चित्रकथांमधल्या बारा पात्रांच्या गोट्या काढल्या. त्यांवरचं चित्र उष्णतेने काचेवर पक्कं बसवलेलं असतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवल्यावर माझ्या गोटीवरचा चेहरा बोळ्यावर आला.

कॉर्कस्क्रू मात्र अस्सल निघाल्या, पण त्या सहज मिळणाऱ्या रंगांच्या होत्या. खऱ्या दोन-चार गोट्या दर्शनी ठेवून खोट्यांना त्यांच्या सावलीत उभं करायचं, ही यातली सगळ्यात धूर्त चाल. ओळखीची खरी गोटी दिसली की नजर शेजारचीवरही विश्वास ठेवते.

फोटोंबद्दलही सांगायला हवं. मिळालेल्या गोट्या आणि फोटोतल्या गोट्या शेजारी ठेवल्यावर कळलं, की फोटोआधी त्यांना तेल लावलं होतं. तेल ओरखड्यांत भरतं आणि थकलेली काच नव्यासारखी दिसते. म्हणून कोरड्या गोटीचे, साध्या उजेडातले, दोन्ही टोकांचे फोटो मागा, आणि सोबत मोजपट्टी ठेवायला सांगा. जंबुपार दिवा दाखवून ‘बघा, हिरवी चमकते, म्हणजे जुनी’ असं कोणी म्हणालं तर मानू नका. युरेनियमची काच तशी चमकते हे खरं, पण ती आजही बनते. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, कारण कितीही गोड असलं तरी, तिथे व्यवहार थांबवा.

विक्रेत्याला सगळं लिहून पाठवलं. पहिलं उत्तर आलं, ‘आजोबांनी जे ठेवलं तेच दिलं.’ कॅट्स आयचा मुद्दा मांडल्यावर उत्तर आलं नाही, काही दिवसांत खातंच बंद झालं. त्याने पैसे विक्रीच्या मंचाबाहेर, ओळखीच्या व्यक्तीला पाठवतात त्या प्रकारे मागितले होते आणि त्या बदल्यात किंमत कमी केली होती. त्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण नसतं, त्यामुळे माझी तक्रार तिथेच अडली. पैसे मंचावरूनच द्या. पार्सल उघडताना चित्रीकरण करा, आणि खोटी ठरलेली एकही गोटी वाद मिटेपर्यंत घासू, धुऊ किंवा परत पाठवू नका. जाहिरातीतलं वर्णन आणि फोटो मात्र पैसे देण्याआधीच उतरवून ठेवा, कारण खातं बंद झालं की तेही नाहीसे होतात.