पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमचा ट्रेलर: एका सीझननंतर, आणि मुख्यतः फ्रिजबद्दल

वॉरंटीतल्या ट्रेलरचा (गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर) फ्रिज दूध गार ठेवत नाही म्हणून आम्ही तो सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला, तपासणीचे १८० डॉलर लावले आणि कागदावर लिहून दिलं की दोष आढळला नाही, गॅसवर चालणारे फ्रिज उन्हाळ्यात असेच असतात. वर सल्ला काय तर दोन हजार घालून १२ व्होल्टचा कंप्रेसरवाला बसवून घ्या. नवीन ट्रेलर, वर्षाची वॉरंटी, आणि आतलं तापमान ५२ फॅरनहाइट! ४० च्या वर दूध ठेवू नये हे इथं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मला अजून राग आहे त्याचा, म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे.

ट्रेलरची माहिती सगळीकडे आहे तेव्हा थोडक्यात. २४ फुटी, ३० अँप, वीस पौंडी दोन सिलेंडर, फ्रिज गॅस आणि वीज दोन्हीवर. ब्रँड लिहीत नाही कारण हाच फ्रिज बऱ्याच कंपन्या बसवतात, आणि माझी तक्रार बसवण्याबद्दल आहे, ते पुढं येईलच.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली की लँकेस्टर, कारण ट्रेलर ओढत तीन तासांत पोचतो आणि या उन्हाळ्यात आई-बाबा इथं होते. बाबांनी निपाणीकडं आयुष्यभर तंबाखू केला. त्यांना न्यूयॉर्कच्या बिल्डिंगी दाखवल्या तर अर्ध्या तासात कंटाळले, पण इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, अल्फाल्फाचा चारा, खेचरांची जोडी लावून शेत करणारे आमिश लोक (जुन्या साध्या पद्धतीनं राहणारा ख्रिस्ती पंथ), आणि उभ्या फळ्यांच्या फटी ठेवलेल्या तंबाखूच्या शेड. सप्टेंबरात त्यात कापलेली झाडं काठीला ओवून उलटी टांगलेली असतात, वारं फिरायला फटी उघडतात. बाबा एका शेडसमोर इतका वेळ उभे राहिले की मालक स्वतःच बाहेर आला. मग पानाची जाडी, वाळायला किती आठवडे, भाव काय, असं सगळं माझ्यामार्फत बोलणं झालं, मी नुसती दुभाषी. आमच्यासाठी ट्रेलरचे निम्मे पैसे तिथंच वसूल झाले.

तर फ्रिज. घरून निघताना आई दही, डोशाचं पीठ, खोबऱ्याची चटणी, पोरांचं दूध सगळं भरून देते, कारण रविवारी आमिश लोकांची सगळी दुकानं, स्टॉल बंद. शनिवारी दुपारी पोचलो आणि काही राहिलं तर सोमवारपर्यंत राहिलंच. जूनमध्ये शनिवारी संध्याकाळी फ्रिज उघडला तर पीठ फसफसून डब्याबाहेर, दुधाला वास. पोरं रडायला लागली आणि आईला वाटलं तिचंच काही चुकलं, तिला समजावताना मला फार वाईट वाटलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या फ्रिजला कंप्रेसर नसतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमला शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली युक्ती आहे, बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, खाली गॅसची छोटी ज्योत किंवा हीटर, अमोनिया उकळून वर जातो, मागच्या जाळीत थंड होऊन परत द्रव होतो, मग फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. हलणारा एकही भाग नाही, पाणी उतारावरून वाहतं तसं सगळं आपोआप फिरतं. म्हणून ट्रेलर तिरका उभा केला की द्रव अडतो. म्हणून बाबा दर वेळी पाणसळ ठेवून चाकाखाली ठोकळे सरकवतात, बुडबुडा मधोमध आल्याशिवाय कुणाला पायरी चढू देत नाहीत. ट्रेलर सपाट होता, हे मी सर्व्हिसवाल्याला फोटोसकट दाखवलं होतं.

जुलैपर्यंत माझं मत पक्कं होतं, हा फ्रिज घेऊच नका. ते बदललं रॉंक्सजवळच्या एका शेतावर. आम्ही तिथं अंडी आणि मक्याची कणसं घेतो. हे लोक घरात लाइनची वीज घेत नाहीत, पण फ्रिज असतो, प्रोपेनवर चालणारा, आपल्या ट्रेलरमधल्यासारखाच, फक्त मोठा. त्यांच्या शेडमध्ये रूट बीअरच्या बाटल्या भर उन्हाळ्यात अशा गार की हातात धरवत नाहीत. मी सरळ विचारलं, आमचा का होत नाही? तो माणूस म्हणाला, मागून गरम हवा वर जायला वाट पाहिजे, आणि ती जाळीला घासून गेली पाहिजे. आमच्या कॅम्पग्राउंडवर येऊन बघितलंही नाही त्यानं, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी गॅस बंद करून, मागचा भाग गार होऊ देऊन, नवऱ्यानं बाहेरचं खालचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. जाळी आणि मागची भिंत यात चार-पाच बोटं मोकळी जागा! इंचभर असायला हवी. म्हणजे हवा त्या मोकळ्या जागेतून सरळ छतावरच्या वेंटकडं निघून जात होती, जाळी तापलेलीच राहत होती. कारखान्यात तिथं एक पत्रा लावायचा असतो, तो लावलेलाच नव्हता. सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवड्यांत चार स्क्रू काढून बघितलं असतं तर दिसलं असतं.

पत्रा, ॲल्युमिनियमची टेप आणि १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे, सगळे मिळून पन्नास डॉलरच्या आत. प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा चुकूनही लावू नका, खाली ज्योत असते. पुढच्या वेळी बाहेर ९२ फॅरनहाइट असताना आत ३८. मी थर्मामीटर दोनदा बदलून बघितला, विश्वासच बसेना. आईचं दही रविवारी घट्ट आणि गोड, बाबांनी पहिला घास घेऊन नुसती मान हलवली, मला भरून आलं.

आता मी याच फ्रिजच्या बाजूनं आहे. हूकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागेवर बॅटरीची फारशी चिंता नाही, आवाज जवळजवळ नाही, फक्त फ्रिजसाठी एक सिलेंडर आठवड्याहून जास्त जातो. कंप्रेसरवाला झटपट गार होतो हे खरं, हा आदल्या रात्री चालू करावा लागतो. आणि जागा निवडताना फ्रिजची बाजू मावळतीच्या उन्हाकडं नको, बुकिंग करतानाच नकाशा बघून घ्या.

बाकीचं पटापट. गादी पातळ, वर फोम टाकला. ग्रे टँक (सिंकच्या सांडपाण्याची टाकी) आपल्या स्वयंपाकाला लहान पडतो, कढई आधी कागदानं पुसा. तीनशे चाळीस नंबरच्या रस्त्यावर आमिश लोकांच्या बग्ग्या असतात, शांतपणे मागे राहा, आणि त्यांचे चेहरे फोटोत घेऊ नका, त्यांना ते चालत नाही. जीपीएस छपरी लाकडी पुलांवरून नेतो, काउंटीत असे पंचवीसहून जास्त आहेत, उंची आणि वजनाची पाटी वाचल्याशिवाय ट्रेलर घालू नका, मागे घेणं फार कठीण. स्ट्रासबर्गची वाफेची गाडी पोरांना फार आवडली, १८३२ ची सनद असलेली रेल्वे आहे, शेतांमधून पॅरडाइजपर्यंत जाऊन परत येते. शहरात सेंट्रल मार्केट फक्त मंगळवार, शुक्रवार, शनिवार, १८८९ ची लाल विटांची इमारत, भाजी घ्यायला सकाळी लवकर जा.

लँडिस व्हॅली म्युझियमही चुकवू नका. तिथं कोनेस्टोगा वॅगन बघायला मिळते, अठराव्या शतकात याच खोऱ्यातून शेतमाल फिलाडेल्फियाला नेणारी. तिचा तळ मधे खोल आणि दोन्ही टोकांना वर उचललेला, चढ-उतारावर माल सरकू नये म्हणून. नवरा आणि बाबा तिच्याखाली वाकून बराच वेळ बघत होते, आणि माझ्या मनात एकच, की त्या सुतारांनी जेवढा विचार केला तेवढा आमच्या कारखान्यातल्या माणसानं त्या एका पत्र्याचा करायला हवा होता.

१८० डॉलर परत मागितलेत, फोटो आणि मापं जोडून दोन पत्रं गेली, अजून उत्तर नाही, मिळेपर्यंत सोडणार नाही. सर्व्हिसला एक तारा, फ्रिजला चार, ट्रेलरला साडेतीन. पत्र्याची मापं हवी असतील तर टाकते, पण मोकळी जागा प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, आधी झाकण काढून स्वतः मोजा.