जुन्या गेटअवेला 'पॉवर' टाकायला गेलो आणि ८०,५०० ला गंडलो

माझ्याकडं २०११ ची स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप आहे, एमहॉक इंजिनची, सेकंडहँड घेतलेली. कागदावर १२० बीएचपी आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क. आता १ लाख ७० हजार किलोमीटर झालेत त्यामुळं कागदावरचं काय सांगू नका असं आमचे मिस्त्रीमामा म्हणतात, आणि त्यांचं तेव्हाच ऐकलं असतं तर हे टाईप करायची वेळच आली नसती.

आमची सासुरवाडी चिपळूण. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये तिकडून आंब्याच्या पेट्या भरून कराडला आणतो, घरच्या घरी विकतो. पोफळी सोडली की कुंभार्ली घाटाचा चढ सुरू होतो आणि पस्तीस-चाळीस पेट्या मागं असल्या की गाडी सेकंडच्या वर जायला मागत नाही, मागून एसटीवाला हॉर्न मारून जीव खातो. दोन वर्षं हेच चाललेलं. त्यात मोबाईलवर ते रील दिसायला लागले, जुनी पिकअप, काळा धूर, आणि खाली 'स्टेज वन, १६० प्लस बीएचपी, लाईफटाईम वॉरंटी'. पुण्याच्या बाहेरच्या बाजूचं गॅरेज होतं, नाव लिहीत नाही.

फोन केला तर पोरगं एकदम गोड बोललं, दादा गाडी घेऊन या, आधी स्कॅन फ्री करून देतो. गेलो. लॅपटॉप लावला, पाच मिनिटं टकटक केली आणि तोंड पाडून म्हणाला, दादा तुमचा टर्बोच (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) संपलाय, शाफ्टला प्ले आलाय (म्हणजे त्याचा दांडा ढिला झालाय), यावर मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) टाकला तर इंजिन बसेल. आता लॅपटॉपवर शाफ्टचा प्ले दिसतो होय! पाईप काढून हातानं हलवून बघावा लागतो तो. पण हे मला आज कळतंय, तेव्हा मी चहा पीत मान हलवत होतो.

हिशोब असा झाला. रीमॅप २२,०००, 'हायब्रिड' टर्बो ३८,००० (जुना टर्बो एक्स्चेंजमध्ये त्यांना द्यायचा), इंटरकूलरचे सिलिकॉन पाईप ९,०००, फ्री फ्लो फिल्टर ६,५००, मजुरी ५,०००. त्यातले ५०,००० ॲडव्हान्स यूपीआयवर, ते पण गॅरेजच्या नावावर नाही, कुठल्या तरी बाईच्या नावाच्या खात्यावर. विचारलं तर म्हणे ताईचं खातं आहे, आमचं लिमिट संपलंय. पावती म्हणून साध्या कागदावर 'एस्टिमेट', जीएसटी नंबर नाही, टर्बोचा सिरीयल नंबर नाही, गाडीचे किलोमीटर पण लिहिले नाहीत. बायको फोनवर म्हणाली, "अहो, पक्कं बिल घ्या." मी म्हणलं पक्कं घेतलं तर १८ टक्के वाढतील.

तीन दिवसांनी गाडी ताब्यात घेतली आणि खरं सांगतो, पायाखाली नुसती उडत होती. पेडलला जरा पाय लावला की सूं करून पुढं. मी तर दोन मित्रांना पण नंबर देऊन बसलो (त्यातला एक वाचला, दुसऱ्याचं विचारू नका).

मग सीझनची पहिली खेप आली. पोफळीच्या पुढं चढ लागला, पेडल पूर्ण दाबलं, आणि गाडी आली की परत सेकंडवर. तोच चढ, तीच वळणं, तोच हॉर्न. म्हणलं लोड जास्त झाला असेल. दुसऱ्या खेपेला दहा पेट्या कमी भरल्या, तरी तेच.

मिस्त्रीमामांकडं गेलो. मामांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि हसायलाच लागले. "लका, ह्यो बोल्ट मीच बसवलाय की दोन वर्सामागं!" टर्बोच्या हीटशील्डचा एक बोल्ट तुटलेला तेव्हा त्यांनी दुसऱ्या गाडीचा, डोक्याला ग्राइंडर मारून बसवलेला. तोच बोल्ट, तीच ग्राइंडरची खूण, वरून चंदेरी स्प्रे. म्हणजे माझाच टर्बो घासून रंगवून मलाच ३८,००० ला विकला. आणि मामांनी पाईप काढून शाफ्ट हलवून दाखवला तर प्ले वगैरे काही नाही, ठणठणीत.

मग गाडी उडायची कशी? ते डॅशबोर्डच्या खाली निघालं. ॲक्सिलरेटर पेडलच्या कनेक्टरला काडेपेटीएवढा काळा डबा जोडलेला. या गाड्यांना पेडलची केबल नसते, सेन्सर असतो, आणि हा डबा त्या सेन्सरचा सिग्नल वाढवून पुढं पाठवतो. तुम्ही पाव पेडल दाबलं की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अर्धं दाबलं. त्यामुळं गावात गाडी चपळ वाटते, पण पूर्ण दाबल्यावर पूर्णच्या पुढं जाणार कुठं? ताकद एक घोड्याची वाढत नाही. म्हणून काम करून घ्यायच्या आधी आणि नंतर, त्याच सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते मोजा, मोबाईलवर शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा. अर्ध्या पेडलवर गाडी कशी वाटते याला शून्य किंमत आहे.

रीमॅपचं पण बघितलं. मामांच्या ओळखीच्या एकानं ईसीयूतली फाईल काढली आणि त्याच वर्षाच्या, कधीच हात न लावलेल्या दुसऱ्या गेटअवेच्या फाईलशी लावून बघितली. तंतोतंत सारखी. २२,००० चं काही झालंच नव्हतं. डायनोचा (गाडीची ताकद मोजायच्या मशीनचा) रंगीत कागद दिलेला, त्यावर ४००० आरपीएमला १६२ बीएचपी आणि तिथंच टॉर्क २४० दाखवलेला. माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो मला म्हणाला मामा, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७१२१ करा. २४० गुणिले ४०००, भागिले ७१२१, म्हणजे १३५ पण होत नाहीत. कागद कुठल्या तरी प्रिंटरवर बनवलेला, आणि बनवणाऱ्याला एवढं गणित पण येत नव्हतं.

फोन केला. आधी म्हणाला, दादा तुम्ही बॅटरी काढली असेल, त्यानं मॅप उडतो. साफ खोटं आहे हे, मॅप फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी काढून उडत नाही. टर्बोचं विचारल्यावर फोन कट. मग ब्लॉक.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली. पण खरी अडचण वेगळीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या पलीकडं बदल करायचा नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच उचलून धरलं, आणि दर बदलामागं ५,००० दंडाची तरतूद आहे. शिवाय इन्शुरन्सवाल्याला कळलं तर क्लेमच्या वेळी तो हात वर करणार. म्हणजे तक्रार वाढवली तर मीच अडकणार, हे त्या पोराला पाठ होतं. शेवटी मी, मामा आणि माझा चुलत भाऊ (पैलवान आहे, एवढंच सांगतो) तिथं जाऊन सकाळपासून खुर्ची टाकून बसलो, भांडण नाही काही नाही, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बोल्ट दाखवायचा. दुपारी अडीचला ३५,००० परत आले, बाकीचे 'पुढच्या महिन्यात'. तो महिना अजून आलेला नाही.

आणि गाडी का ओढत नव्हती ते परत आल्यावर मामांनी अर्ध्या तासात शोधलं. टर्बोच्या ॲक्च्युएटरला (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग) जाणारा व्हॅक्यूमचा बारका रबरी पाईप, खालच्या बाजूनं चिरलेला. १८० रुपये. परवाच्या खेपेला पस्तीस पेट्या होत्या आणि दोन वळणं सोडली तर घाट थर्डवर चढला. मामांनी मजुरी म्हणून एक पेटी ठेवून घेतली, ती पण निवडून, वरच्या थरातली.